जपानी शिकताना इंग्रजी बाजूला ठेवा

'मला मांजर आवडतं' एवढं वाक्य जपानीत करायला दिलं, की वर्गातली निम्मी मराठी मुलं आधी मनात त्याचं 'आय लाइक कॅट्स' करतात आणि मग त्या इंग्रजीचं जपानी. त्यात 'मी' कर्ता होतो, मांजर कर्म होतं आणि वहीत उतरतं 'वाताशि वा नेको ओ सुकि देस'. हे चूक आहे. बरोबर वाक्य 'वाताशि वा नेको गा सुकि देस'. इथे मांजर कर्म नाहीच. मराठीतही नाही, कारण 'आवडतं' हे क्रियापद मांजराप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. सरळ मराठीतून विचार केला असता तर ही चूक झालीच नसती.

बाजारातली बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजी वाचकाला समोर ठेवून लिहिलेली असतात. त्याला जे अवघड जातं त्यावर ती पानंच्या पानं खर्च करतात, आणि त्यातलं निम्मं आपल्याला घरातच मिळालेलं असतं. उलट मराठी माणूस जिथे खरोखर अडखळतो, ती जागा दोन ओळींत उरकलेली असते. पुढचा क्रम ज्याला जपानीचं अक्षरही येत नाही अशा मराठी वाचकासाठी लावला आहे.

उदाहरणं वाचण्यापूर्वी दोन खुणा लक्षात घ्या. 'ऽ' दिसला की आधीचा स्वर लांबवायचा. 'देस' आणि 'मास' हे लिहिताना 'देसु', 'मासु' असतात, पण बोलताना शेवटचा उ गिळला जातो.

आधी कान, मग लिपी

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिप्या. त्यांत मूळ अक्षरं प्रत्येकी ४६. त्यांचा क्रम पाहिलात की घरच्यासारखं वाटेल: आ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व यांच्या ओळी. हा योगायोग नाही. सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंमुळे वर्णमालेची ही मांडणी तिकडे रुजली. 'स' ची ओळ च-वर्गाच्या जागी आणि 'ह' ची ओळ प-वर्गाच्या जागी का, असा प्रश्न पडला तर उत्तर जुन्या उच्चारांत आहे. आजचा 'ह' एके काळी 'प' होता. म्हणूनच 'ह' ला दोन टिंबं दिली की 'ब' होतो आणि छोटं वर्तुळ दिलं की 'प'.

हिरागानाला दोन आठवडे द्या, काताकानाला पुढचे दोन. रोज पाच अक्षरं, हाताने लिहून. रोमन लिपीत जपानी लिहायची सवय लागली की ती सुटता सुटत नाही. देवनागरीचंही तेच, त्यामुळे या लेखातली उदाहरणं लिपी येताच स्वतः काना अक्षरांत, म्हणजे हिरागाना-काताकानात, लिहून काढा.

उच्चारात आपली एक चैन आहे. 'त्सुनामी'तला 'त्सु' इंग्रजी बोलणाऱ्यांना जमत नाही, ते 'सुनामी' म्हणतात. मराठीत 'चुना' म्हणताना जो च येतो, तोच हा. मात्र ऱ्हस्व-दीर्घाबाबत आपण बेफिकीर असतो आणि तिथे जपानी माफ करत नाही. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. चाळिशीच्या बाईंना चुकून आजी म्हटलंत, तर पुढचं व्याकरण कितीही शुद्ध असो! तसंच 'किते' म्हणजे 'ये', आणि 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट.

वाक्याचा सांगाडा

'वाताशि वा पुने कारा किमाशिता.' मी पुण्याहून आलो. शब्दाला शब्द लावून पाहा, क्रम तसाच आहे. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. प्रश्न करायचा तर शेवटी 'का' लावायचा: 'आशिता किमास का', उद्या येता का? दुजोरा हवा असेल तर 'ने': 'आत्सुइ देस ने', गरम होतंय ना? समोरच्याला ठाऊक नसलेलं सांगायचं असेल तर 'यो': 'ओइशी देस यो', छान लागतं बरं का. या तीन शेपट्या पहिल्याच आठवड्यात वापरायला लागा, बोलणं लगेच माणसासारखं वाटतं.

आणखी एक सुटका म्हणजे लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. तो जातो, ती जाते, ते जातात, आम्ही जातो, सगळ्यांना एकच 'इकिमास'. कर्ता गाळायची तर आपल्याला सवयच आहे. 'जेवलात का?' 'जेवलो.' तसंच 'ताबेमाशिता का?' 'हाइ, ताबेमाशिता.' दर वाक्यात 'वाताशि वा' घालणारा विद्यार्थी इंग्रजीतून आलाय हे शिक्षकांना लगेच कळतं.

'देस' म्हणजे 'आहे', पण फक्त 'मी इंजिनिअर आहे' यातला. नकारात 'जा आरिमासेन', भूतकाळात 'देशिता', दोन्ही एकत्र असतील तर 'जा आरिमासेन देशिता'. 'टेबलावर पुस्तक आहे' यातला 'आहे' वेगळा: निर्जीव वस्तूला आणि झाडांना 'आरिमास', माणसांना आणि प्राण्यांना 'इमास'. समुद्रातला मासा 'इमास', कोळणीच्या टोपलीतला 'आरिमास'.

प्रत्यय: कुठे मराठी पुरते, कुठे नाही

'नो' म्हणजे चा-ची-चे-च्या, तेही एकाच रूपात: 'वाताशि नो काबान', माझी बॅग. 'मो' म्हणजे 'पण' किंवा 'सुद्धा': 'वाताशि मो', मीपण. 'कारा' पासून, 'मादे' पर्यंत, 'योरि' पेक्षा, 'तो' आणि किंवा बरोबर. 'ओ' कर्माला लागतो. हे पाठ करण्यासारखं नाही, वाचता वाचता बसतं.

अडचण येते 'नि' आणि 'दे' यांत, कारण मराठीत दोन्हीकडे 'त' चालतो. 'लायब्ररीत आहे' आणि 'लायब्ररीत अभ्यास करतो' यांत आपल्याला फरक जाणवत नाही. जपानीत नुसतं असण्याच्या जागेला 'नि': 'तोशोकान नि इमास'. काही केलं जात असेल त्या जागेला 'दे': 'तोशोकान दे बेंक्योऽ शिमास'. 'नि' हा शिवाय 'ला' आणि 'वाजता' यांचं काम करतो: 'तोऽक्योऽ नि इकिमास', टोकियोला जातो, 'शिचिजि नि', सात वाजता. 'दे' हा 'ने'सुद्धा आहे: 'बासु दे', बसने. दर वेळी मनात एवढंच विचारा, इथे नुसतं असणं आहे की काही घडतंय?

'वा' आणि 'गा' यांवर लोक वर्षानुवर्षं वाद घालतात. सुरुवातीला दोन नियम पुरे. प्रश्नवाचक शब्दाला कधी 'वा' लावू नका. 'दारे गा किमाशिता का', कोण आलं? उत्तरही 'गा' नेच: 'यामादासान गा किमाशिता'. दुसरा असा की 'वा' विषय मांडतो आणि पुष्कळदा त्यात 'तर', 'काही' अशी छटा असते. 'साके वा नोमिमासेन' म्हणजे 'दारू काही मी घेत नाही'. चहा विचारलात तर चालेल, हे त्यात आलं.

लिहिताना 'वा' साठी 'हा' चं अक्षर वापरतात आणि दिशा दाखवणाऱ्या 'ए' साठी 'हे' चं. का, ते आत्ता विचारू नका, सवय करा.

आता मांजराकडे. 'आवडतं' सारखी क्रियापदं मराठीत ढीगभर आहेत आणि जपानीत त्यांच्या जोडीची अख्खी फळी आहे:

निहोंगो गा वाकारिमास: मला जपानी कळतं.
र्योऽरि गा देकिमास: मला स्वयंपाक जमतो.
मिझु गा होशी देस: मला पाणी हवंय.
फुजिसान गा मिएमास: फुजी पर्वत दिसतोय.
आतामा गा इताइ देस: माझं डोकं दुखतंय.

पाचही वाक्यांत 'गा' ज्याला लागलाय, ते मराठीतही पहिल्या विभक्तीत आहे. इंग्रजी वाटेने येणारा इथे 'ओ' घालत बसतो. तुम्ही थेट मराठीतून या. एवढी एक खबरदारी घ्या: 'होशी देस का' असं पाहुण्याला विचारणं उद्धट वाटतं. तिथे 'ओचा वा इकागा देस का', चहा घेणार का, असं विचारतात.

क्रियापद

पहिले दोन-तीन महिने फक्त 'मास' चं रूप घ्या. ताबेमास, खातो किंवा खाईन. ताबेमासेन, खात नाही. ताबेमाशिता, खाल्लं. ताबेमासेन देशिता, खाल्लं नाही. वर्तमान आणि भविष्य यांना एकच रूप, आपण 'उद्या मुंबईला जातो' म्हणतो तसंच.

त्यानंतर 'ते' चं रूप. इथे बरेच जण शिकणं सोडतात, आणि ते उगाच. मराठीतलं ऊन-प्रत्ययाचं रूप, उठून, खाऊन, करून, हेच ते. 'आसा ओकिते, हा ओ मिगाइते, ओचा ओ नोमिमास': सकाळी उठून, दात घासून, चहा पितो. क्रियापद वाक्याच्या मधे टाकून पुढे जायची ही लकब मराठी माणसाला शिकवावी लागत नाही, फक्त रूपं पाठ करावी लागतात. शब्दकोशातल्या रूपाच्या शेवटी उ, त्सु, रु असेल तर 'त्ते'. मु, बु, नु असेल तर 'न्दे'. कु चं 'इते', गु चं 'इदे', सु चं 'शिते'. 'ताबेरु'सारख्या गटात रु काढून नुसतं 'ते' लावायचं. 'सुरु' चं 'शिते', 'कुरु' चं 'किते', आणि 'इकु' चं अपवाद म्हणून 'इत्ते'. आठवडाभर रोज वीस क्रियापदांवर हात चालवा.

एकदा ते बसलं की बक्षीस मोठं आहे. 'मिरु' म्हणजे बघणे; 'ताबेते मिमास', खाऊन बघतो. 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'काइते ओकिमास', लिहून ठेवतो. 'शिमाउ' लावलं की 'टाकणे': 'ताबेते शिमाइमाशिता', खाऊन टाकलं. इंग्रजी पुस्तकात यातल्या एकेकावर स्वतंत्र धडा असतो. परवानगी मागायची असेल तर 'शाशिन ओ तोत्ते मो इऽ देस का', फोटो काढला तर चालेल का?

'ते इमास' मात्र सांभाळून. 'ताबेते इमास' म्हणजे जेवतोय, पण 'केक्कोन शिते इमास' म्हणजे लग्न झालेलं आहे, लग्न चाललंय असं नाही.

शब्दकोशातलं साधं रूप त्यानंतर घ्या. ते लागतंच, कारण नामाच्या आधी येणारं वाक्य त्याच रूपांत असतं: 'किनोऽ कात्ता होन', काल घेतलेलं पुस्तक. ॲनिमे पाहून शिकणारे हे रूप आधी उचलतात आणि मुलाखतीत परीक्षकाला 'ओमाए' म्हणून मोकळे होतात. त्याचं मराठी 'तू रे' पेक्षाही खालचं आहे.

विशेषणांबद्दल थोडक्यात. इ-कारान्त विशेषणं स्वतःच काळ दाखवतात: 'ताकाइ देस' महाग आहे, 'ताकाकु नाइ देस' महाग नाही, 'ताकाकात्ता देस' महाग होतं. 'ताकाइ देशिता' असं रूप नाही. 'इऽ' म्हणजे चांगलं, त्याचा भूतकाळ 'योकात्ता'. 'किरेऽ' म्हणजे सुंदर. दिसतं इ-कारान्त, पण चालतं नामाआधी 'ना' घेणाऱ्या दुसऱ्या गटाप्रमाणे: 'किरेऽ ना हाना', सुंदर फूल.

मोजणीच्या शब्दांचा बाऊ नको. लांबट वस्तूंना एक, चपट्यांना दुसरा, पुस्तकांना तिसरा अशी यादी वाढतच जाते. सुरुवातीला हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु या मालिकेवर दहापर्यंत भागतं: 'कोऽही ओ फुतात्सु कुदासाइ', दोन कॉफी द्या. माणसांना हितोरि, फुतारि, सान्निन.

अदब: इथे मराठी दगा देते

आपल्याकडे आदर सर्वनामात असतो: तू, तुम्ही, आपण. जपानीत तो क्रियापदात असतो आणि सर्वनाम शक्यतो टाळतात. शब्दकोशात 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' असं सापडतं, पण साहेबांना 'आनाता' म्हणणं खटकतं. नाव घ्या आणि 'सान' लावा: 'तानाकासान वा इकिमास का', समोर तानाकाच असले तरी. शिक्षकांना आणि डॉक्टरांना 'सेन्सेऽ'. स्वतःच्या नावाला 'सान' कधीही नाही.

सुरुवातीला सगळ्यांशी 'देस-मास' बोला. जास्त खाली उतरण्यापेक्षा थोडं वरच राहिलेलं बरं.

ओळख करून देताना: 'हाजिमेमाशिते. कुलकर्णी देस. इंदो कारा किमाशिता. दोऽझो योरोशिकु ओनेगाइ शिमास.' शेवटच्या वाक्याचा भावार्थ 'सांभाळून घ्या' असा. नवीन कामाच्या आरंभी, ईमेलच्या शेवटी, मीटिंग सुरू होताना, सगळीकडे ते येतं.

घरातून निघताना 'इत्तेकिमास', म्हणजे जाऊन येतो. घरातले 'इत्तेराश्शाइ' म्हणतात. परतल्यावर 'तादाइमा', उत्तर 'ओकाएरिनासाइ'. जेवणाआधी 'इतादाकिमास', नंतर 'गोचिसोऽसामा देशिता'. ऑफिसमधून इतरांच्या आधी निघायचं तर 'ओसाकि नि शित्सुरेऽ शिमास', आधी निघतो, माफ करा. उरलेले 'ओत्सुकारेसामा देशिता' म्हणतात. 'गोकुरोऽसामा' हा शब्द कानावर पडेल, पण तो वरचा खालच्याला म्हणतो, साहेबांना म्हणू नका.

'सुमिमासेन' एकटा तीन कामं करतो: वेटरला हाक, धक्का लागला तर माफी, आणि कुणी दार धरून ठेवलं तर आभार. आपण घरच्यांचे, शेजाऱ्यांचे आभार मानत नाही, ते परकेपणाचं वाटतं. तिथे हा संकोच सोडा. काल कुणी जेवू घातलं असेल तर आज भेटल्यावर पुन्हा 'किनोऽ वा आरिगातोऽ गोझाइमाशिता' म्हणायचं असतं.

जपानमध्ये पोचल्यावर पहिला सराव होतो तो कोम्बिनीत, म्हणजे चौकाचौकातल्या चोवीस तास उघड्या दुकानात. आत शिरताच 'इराश्शाइमासे' ऐकू येतं. त्याला उत्तर द्यायचं नसतं. गल्ल्यावर पहिला प्रश्न, 'आतातामेमास का', गरम करून देऊ का? दुसरा, 'फुकुरो वा गोरियोऽ देस का', पिशवी हवी का? जुलै २०२० पासून प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून हे विचारतात. हवं असेल तर 'हाइ, ओनेगाइ शिमास'. नको असेल तर 'दाइजोऽबु देस'. शब्दशः हे 'ठीक आहे', पण अशा जागी त्याचा अर्थ 'नको'. खाणावळीत 'नान्मेऽसामा देस का' विचारलं की 'फुतारि देस', दोघं आहोत.

विनंतीत 'ते कुदासाइ' म्हणजे जेमतेम आपलं 'करा'. वरिष्ठांकडे काही मागायचं तर 'ओशिएते इतादाकेमासेन का', सांगाल का? समजलं नाही तर 'मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास', पुन्हा एकदा सांगा. 'युक्कुरि ओनेगाइ शिमास', सावकाश.

नकार तोंडावर देत नाहीत. 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, किंवा 'मुझुकाशी देस ने', अवघड आहे हो, असं म्हटलं की समजून घ्यायचं. 'कांगाएते ओकिमास', विचार करून ठेवतो, याचं वजन आपल्या 'बघू' एवढंच. बोलताना मधून मधून 'हाइ', 'एऽ', 'सोऽ देस का' असा हुंकार द्यावा लागतो, नाहीतर समोरच्याला वाटतं तुमचं लक्ष नाही. पण त्यातला 'हाइ' म्हणजे 'ऐकतोय', 'मान्य' नव्हे. चाकणच्या कारखान्यात जपानी पाहुण्यांसमोर सादरीकरण करणाऱ्याने हे आधी शिकावं आणि मग विशेषणं.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड. 'आमचे साहेब बाहेर गेलेत' असं आपण परक्यालाही आदरार्थीच सांगतो. जपानीत माणूस आपल्या गटातला की बाहेरचा, यावर रूप ठरतं. बाहेरच्या कंपनीचा फोन आला तर स्वतःचे साहेब 'तानाकासान' नाहीत, नुसते 'तानाका': 'तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास', तानाका आत्ता जागेवर नाही. फोन ठेवल्यावर समोरासमोर पुन्हा 'तानाकासान'. घरातही स्वतःचे वडील बाहेरच्याला सांगताना 'चिचि', दुसऱ्याचे 'ओतोऽसान'. आई 'हाहा' आणि 'ओकाऽसान'. मराठी जिभेला हे साहेबांचा अपमान केल्यासारखं वाटतं. पहिल्या वर्षात ही रूपं कानांनी ओळखता आली तरी पुष्कळ; 'इराश्शारु', 'मेशिआगारु' ही चढवलेली आणि 'माइरु', 'मोऽसु' ही उतरवलेली क्रियापदं स्वतः वापरायची घाई करू नका.

परीक्षा आणि साधनं

जेएलपीटी ही जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे केंद्रं आहेत. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत, एन५ सर्वांत सोपी. एन५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, शिवाय भाषा-वाचनात १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९ हवेतच. बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षा तीत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र हाती असूनही 'आतातामेमास का' ला गोंधळणारे भेटतात. कांजीची, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांची, अधिकृत यादी आता देत नाहीत. शंभरेक येत असतील तर एन५ ला अडत नाही.

जपान फाउंडेशन आपल्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रणासह मोफत देतं. एनएचके वर्ल्डचे छोटे पाठ हिंदीतही आहेत आणि ते इंग्रजी पाठांपेक्षा आपल्याला सोयीचे, कारण हिंदीचाही वाक्यक्रम तोच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ इथे जपानी शिकवतात. परीक्षेचे अर्ज काही महिने आधीच बंद होतात, तेव्हा डिसेंबरला बसायचं असेल तर उन्हाळ्यातच चौकशी करा.